मदत हवी आहे: गोळ्यांच्या पाकिटावरची ‘दारू नको’ चिठ्ठी

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका मेडिकलसाठी पाकिटावर चिकटवायची मराठी चिठ्ठी करायची आहे. फार्मासिस्ट-डॉक्टरांनी मत द्या.

लग्नसराईत ठरलेला प्रश्न येतो, ‘भिया, थोडी तो चलेगी ना?’ मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या गोळ्या चालू असतील तर उत्तर ‘नाही’च: चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. पण शेवटच्या गोळीनंतर 48 तास लिहायचे की 72? मेट्रोनिडाझोलसाठी दोन्ही आकडे छापलेले दिसतात. मला 72 बरे वाटतात. रविवारी रात्री गोळी संपली तर बुधवार रात्रीपर्यंत बाटलीला हात नाही.

दुसरी शंका दशमूलारिष्टाची. त्यात आंबवण्याने तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात. 8 टक्के धरले तर 30 मिलीत 2.4 मिली; 42.8 टक्क्यांच्या 60 मिली पेगमध्ये 25 मिलीच्या वर. आकडा लहान, तरी चिठ्ठीत घ्यावा का? की लोक घाबरून गोळीच सोडतील? (कोर्स अर्धवट सोडणं तर त्याहून वाईट.)

ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीला वेगळी चिठ्ठी हवी. उपाशीपोटी प्यायल्यावर यकृत नवी साखर नीट बनवत नाही, गोळी मात्र साखर उतरवतच राहते. घाम, असंबद्ध बडबड. घरचे ‘चढली’ म्हणून झोपवतात.

झोपेच्या गोळ्यांवर चर्चाच नको, श्वास मंदावतो.

जागा जेमतेम 12 शब्दांची. ‘मद्य’ लिहिलं की बियर त्यात धरत नाहीत. मग ‘दारू-बियर-वाइन’ लिहू का?