ओट्सच्या कुकीत नारळ, आंबा, अननस: तुमचे अनुभव लिहा

पुणे

लेकीच्या डब्यासाठी दोन वर्षांपासून मी ओट्सच्या कुकीज घरीच करते. मनुका आणि दालचिनी ही त्यांची नेहमीची चव. ती छानच लागते, पण आमच्या घराला सवय नारळाची, केळ्याची, आंब्याची, जायफळाची. माझं प्रमाण असं: 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम ब्राउन शुगर, 1 अंडं, 120 ग्रॅम कणीक, 120 ग्रॅम रोल्ड ओट्स, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. 170 अंशांवर 12 ते 14 मिनिटं.

अडतं ते ओलीपाशी. गेल्या महिन्यात ओला नारळ खवून घातला. पहिल्या दिवशी घरभर वास दरवळत होता, तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर कुकीज लिबलिबीत आणि खोबरं आंबूस. फळाचं पाणी तुम्ही कसं घालवता? फसलेलंही लिहा, त्यानेच जास्त कळतं.

ठाणे

अननसाचा माझा पहिला घाणा पूर्ण वाया गेला. ताजा अननस बारीक चिरून थेट पिठात घातला आणि पीठ अर्धा तास तसंच ठेवलं. अननसाचं आंबट पाणी आणि सोडा यांचं वाडग्यातच फसफसून झालं, ओव्हनमध्ये फुलायला काही उरलंच नाही. वर फोडींभोवतीचं पीठ कच्चं आणि कडा करपलेल्या.

आता पाव किलो फोडी दोन चमचे साखर घालून कढईत मंद आचेवर परतते. पाणी सुटतं, ते आटतं, मग फोडी कढईला चिकटायला लागतात आणि रंग मधासारखा होतो. तिथे गॅस बंद. ताटात पसरून पूर्ण गार. एवढ्या अननसाचं जेमतेम वाटीभर होतं, पण चव एकवटलेली असते. पिठातली साखर तेवढी कमी करायची.

लोण्याऐवजी खोबरेल घालणाऱ्यांसाठी: ते साधारण 24 अंशांच्या वर पातळच राहतं, म्हणजे आमच्याकडे बहुतेक वर्षभर. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले नाहीत तर ट्रेमध्ये सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात.

रत्नागिरी

आमरस घालायच्या फंदात पडू नका. मी चार चमचे घातला होता. कुकीऐवजी मऊ केकसारखं काहीतरी झालं आणि आंब्याची चव ओव्हनमध्येच हरवली. आंबा घालायचा तर आंबापोळी घाला. तिच्यातलं पाणी उन्हानेच काढून घेतलेलं असतं. कात्रीने चण्याएवढे तुकडे करायचे, मिक्सरमधून काढलेल्या ओट्सच्या पिठात घोळवायचे, म्हणजे गोळा होत नाही. तुकडे कुकीच्या पोटात दाबून टाका. वर राहिले तर त्यातली साखर जळते आणि कडवट लागते. सोबत काजूचे जाडसर तुकडे आणि किसलेलं जायफळ, बाकी काही नको. वेलची मी घालत नाही, ती आंब्यावर चढते.

मेलबर्न

इथे ओट्स आणि खोबऱ्याचं बिस्किट घरोघरी होतं: अँझॅक बिस्किट. नाव पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्यदलाचं. 25 एप्रिलला, गॅलिपोलीच्या लढाईच्या स्मृतिदिनाच्या सुमारास तर हमखास. त्याला कुकी म्हटलेलं इथे चालत नाही, बिस्किटच म्हणायचं, आणि मला ते योग्यच वाटतं.

त्यात अंडं नसतं, म्हणून माझ्या सासूबाईही खाऊ शकतात. 1 कप ओट्स, 1 कप मैदा, पाऊण कप सुकं खोबरं, पाऊण कप साखर. 125 ग्रॅम लोणी आणि 2 मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा मधासारखा दाट पाक) एकत्र वितळवायचं. 2 मोठे चमचे उकळत्या पाण्यात 1 चमचा सोडा विरघळवून त्यात ओतायचा. क्षणात फेस वर येतो, पातेलं मोठंच घ्या. तो फेस कोरड्या जिनसांत कालवून छोटे गोळे, थोडे चपटे, 160 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. बाहेर काढताना मऊ वाटतात, गार झाल्यावर कडक होतात. मऊ वाटले म्हणून पुन्हा आत घालू नका.

कोल्हापूर

मेलबर्नच्या ताईंची कृती वाचून लगेच करून पाहिली. गोल्डन सिरप इथे कुठे शोधणार? काकवी घातली, तेवढीच, 2 मोठे चमचे. रंग जास्त गडद आला आणि खोबऱ्याशी काकवी इतकी जमली की घरच्यांना गुळाच्या वड्यांची आठवण झाली. काकवी लवकर करपते, दोन मिनिटं आधी काढा. आणि एक विनंती: ओट्स आहेत म्हणून मधुमेह असलेल्या माणसाला बिनधास्त देऊ नका. साखर यात भरपूर आहे.

मडगाव

ओलाच नारळ हवा असेल तर आमच्याकडच्या नाताळातल्या बोलिन्हांकडे बघा. रवा, नारळ, साखर यांचं पीठ मळून रात्रभर ठेवतात, रवा सगळी ओल पिऊन फुगतो. ओट्सही तेच करतात. मी खवलेला नारळ आधी कोरडाच भाजते, हाताला चिकटायचा थांबेपर्यंत, पण रंग बदलू न देता. मग पीठ रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी ते इतकं घट्ट असतं की काट्याने वर जाळी उठवता येते. तरीही चार दिवसांत संपवते. ओला नारळ तो ओला नारळ.

वसई

सुकेळी कुणीच कशी लिहिली नाहीत! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, आमच्या आगाशीची. पिकलं केळं कुस्करून घातलं की कुकी पावासारखी होते. सुकेळी चिवट राहतात, दाताखाली मधासारखी लागतात. मोठी दोन पुरतात, फार गोड असतात.

पुणे

सगळ्यांचे खूप आभार. काल सुकेळी, भाजलेलं सुकं खोबरं आणि जायफळ घालून 18 केल्या, ब्राउन शुगर 70 ग्रॅमवर आणली. कडा कुरकुरीत, मध्ये चिवट, अगदी हवी तशी. गार होईपर्यंत लेक जाळीसमोरून हलली नाही. डब्यात आता सात उरल्यात. रविवारी फणसपोळीची करायची आहे. ती ओव्हनमध्ये कडक होते का, कुणी केली असेल तर त्याआधी सांगा.