आवडीच्या शेजारची नोकरी

'पहिली नोकरी आवडीचीच हवी, नाहीतर माणूस अडकतो' असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. आवडीला लागून असलेली रुक्ष नोकरीही चालते, हे कुणी मांडतच नाही. मला सुलेखनाची हौस, लागलो मात्र छापखान्यात डीटीपीला, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पानं लावायला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. कंटाळवाणंच! पण पडद्यावरचे आरजीबी रंग आणि छपाईचे सीएमवायके रंग यांतला फरक, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवायचं ३ मिमी ब्लीड, चित्रांचे ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणताना फुटणारी जोडाक्षरं, हे सगळं तिथेच हाताखालून गेलं. आज अक्षरलेखनाची कामं मिळतात ती अक्षर सुंदर म्हणून कमी, फाइल थेट छपाईला जाते म्हणून जास्त.

फक्त संध्याकाळ मोकळी मिळेल का, ते आधीच विचारा. निवडणुकीच्या हंगामात आमची कधीच नसायची.