प्रीऑर्डर केलेला गेम निराश करून गेला: रिफंड घ्यावा की पॅचची वाट बघावी? (आणि आपटून सावरलेले गेम सुचवा)

अर्धीलेव्हल:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. ज्याचा एकेक ट्रेलर थांबवून थांबवून बघितला तो गेम अखेर आला आणि पार विरस झाला. पीसीवर आहे, स्टीमवरून (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) प्रीऑर्डर केला होता. गर्दीच्या ठिकाणी फ्रेमरेट कोसळतो, सेव्ह फाइल करप्ट होते, आणि ज्या शहराचा एवढा गाजावाजा केला होता तिथले लोक एकच वाक्य बोलून पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गेमचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाहीतर धागा त्या एका गेमच्या हाणामारीत जाईल.

विचारायचंय ते असं. रिफंड मागू की पॅचची (दुरुस्तीच्या अपडेटची) वाट बघत थांबू? थांबायचं तर गेम पुढे सुधारणार की नाही हे आत्ताच ओळखायची काही खूण असते का? आमच्या ग्रुपवर सगळे मिळून निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पाडायला निघालेत, त्यात उतरावं का? आणि मधल्या काळात खेळायला, आधी शिव्या खाल्लेला पण आता खरोखर चांगला झालेला एखादा गेम सुचवा. कथा असेल तर उत्तम. मल्टिप्लेअर मला फारसं जमत नाही.

टवाळखोर:
डिजिटल गेमचा साठा कधी संपल्याचं ऐकलंय का कुणी? मग आगाऊ पैसे भरून मिळतं काय, तर पात्राला घालायला एक सोनेरी टोपी. ती तरी घालून बघितली का राव?

अर्धीलेव्हल:
घातली. टोपीतून केस बाहेर येतात.

रिफंडमास्तर:
बाकी चर्चा नंतर, आधी घड्याळ बघा. स्टीमचा नियम: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी. प्रीऑर्डर असेल तर रिलीजच्या आधी केव्हाही रद्द करता येते, आणि ते १४ दिवस रिलीजच्या तारखेपासून मोजतात. मात्र महागडी आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळायला मिळालं असेल, तर तो वेळही त्या २ तासांत धरला जातो. २०२४ पासून असंच आहे. पूर्वी ती पळवाट होती, लोकांनी यथेच्छ वापरली.

धागा वाचणाऱ्या प्लेस्टेशनवाल्यांसाठी: तिथे १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू झालं की तो हक्क जवळपास संपतो, गेम सदोष असल्याचं सिद्ध झालं तरच पुढे बोलणं. म्हणून प्रीऑर्डर केलीच असेल तर ऑटो डाउनलोड बंद ठेवा. जीओजी या दुसऱ्या पीसी दुकानावर मात्र ३० दिवस आहेत आणि खेळून झालं तरी मागता येतो. त्याचा गैरफायदा घेऊ नका, बंद करतील.

अर्धीलेव्हल:
धन्यवाद मास्तर. पण २ तास तर कॅरेक्टर बनवण्यात आणि ट्युटोरियलमध्येच गेले. बाहेरचं जग दिसेपर्यंत मुदत संपलेली.

रिफंडमास्तर:
हल्ली बऱ्याच जणांचं हेच होतं. तरी अर्ज टाका. नियमाबाहेरच्या अर्जावरही विचार करू असं स्टीमने स्वतःच लिहून ठेवलंय. "मजा आली नाही" असं लिहू नका. क्रॅश, करप्ट सेव्ह, तुमचं हार्डवेअर जाहीर केलेल्या किमान गरजेपेक्षा वरचं आहे हे, सगळं मुद्देसूद लिहा. खात्री नाही. २०१६ मध्ये नो मॅन्स स्कायच्या वेळी तासन्‌तास खेळलेल्यांनाही रिफंड मिळतोय अशी हवा झाली होती. तेव्हा स्टीमने त्या गेमच्या पानावरच सूचना लावली की नेहमीचा नियम लागू आहे, कुणाला खास सूट नाही.

जुनाकन्सोल:
खुणांबद्दल लिहितो, जरा लांबेल.

सगळे बघतात ते माफीनामा आणि रोडमॅप (पुढे काय काय देणार त्याचं वेळापत्रक). या दोन्हींवर माझा काडीचा विश्वास नाही. अँथम २०१९ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा बायोवेअरने झकास रोडमॅप दिला होता, आणि एप्रिलमध्येच त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे ढकलल्याचं सांगितलं. मग नव्याने बांधणी करू म्हणाले, त्या कामावर साधारण ३० माणसं होती. २०२१ च्या फेब्रुवारीत तेही गुंडाळलं. गेम पूर्ण ऑनलाइन, त्यामुळे सर्व्हर बंद म्हणजे विषय संपला, डिस्क शोकेसमध्ये ठेवा.

याच्या अगदी उलट हेलो गेम्स. ऑगस्ट २०१६ ला नो मॅन्स स्काय आला. लोकांना वाटत होतं की दुसरा खेळाडू भेटेल. पहिल्याच दिवशी दोघे जण ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. प्रकरण ब्रिटनच्या जाहिरात नियामकापर्यंत गेलं (तिथे कंपनी सुटली). कंपनीचा प्रमुख शॉन मरे, जो टीव्हीवर जाऊन गेम दाखवत होता, तो गप्प झाला. महिनोन्‌महिने एक शब्द नाही. शिव्या तर किती! पण त्याच नोव्हेंबरात पहिलं मोठं अपडेट आलं आणि जुलै २०१८ ला नेक्स्ट नावाच्या अपडेटमध्ये धड मल्टिप्लेअर आलं. तेव्हापासून मोठमोठी अपडेट येतच आहेत आणि एकाचेही वेगळे पैसे घेतलेले नाहीत. स्टीमवर एकूण रिव्ह्यूंचा शेरा "व्हेरी पॉझिटिव्ह" व्हायला मात्र २०२४ उजाडलं.

तेव्हा बोलतात काय ते सोडा, पॅच नोट्स वाचा. पहिल्या दोन-तीन पॅचमध्ये क्रॅश आणि सेव्हचे प्रश्न सुटताहेत की दुकानातल्या नव्या कपड्यांची यादी येतेय, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची. गेम मोडका आहे की पोकळ? मोडका दुरुस्त होतो. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर अक्षरशः चालत नव्हता, सोनीने आठवडाभरात तो स्टोअरवरूनच काढला, परत यायला जून २०२१ उजाडला. पण लिखाण, पात्रं, शहराची रचना हे पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने पोलीस, स्किल्स वगैरे नव्याने रचले आणि गेम उभा राहिला. अँथममध्ये उडायला मजा यायची, पण उडून जायचं कुठे हेच ठरलेलं नव्हतं. तो पॅचने भरणारा खड्डा नाही.

तिसरी: कंपनीचं काय पणाला लागलंय? हेलो गेम्सकडे तेव्हा दुसरं काही नव्हतंच. स्क्वेअर एनिक्सला आपल्या क्रमांकवाल्या मालिकेची अब्रू वाचवायची होती, म्हणून २०१० ला आपटलेला फायनल फँटसी १४ त्यांनी नवा प्रमुख (नाओकी योशिदा) आणून जवळजवळ पूर्ण नव्याने बनवला. जुन्या गेमच्या शेवटी आकाशातला एक चंद्र खाली आणून सगळं जगच उद्ध्वस्त केलं आणि मग सर्व्हर बंद केले, नोव्हेंबर २०१२. ऑगस्ट २०१३ ला नवा सुरू. अपयश कथेतच गाडायचं, याला डोकं लागतं!

ज्या पब्लिशरकडे वर्षाला चार मोठे गेम आहेत, तो मात्र एका आजाऱ्यासाठी किती रात्री जागेल?

कडूकारलं:
जुनाकन्सोल, मुद्दे पटले तरी हे सावरल्याचं गुणगान मला झेपत नाही. सायबरपंकचे रिलीजच्या आधीच ८० लाख प्रीऑर्डर झाले होते. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली, तीही स्वतः रेकॉर्ड केलेलं दाखवायचं नाही या अटीवर. म्हणजे जुन्या प्लेस्टेशनवर काय अवस्था आहे हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. आणि शेवट बघा: जुन्या कन्सोलला १.६ नंतर मोठं अपडेट नाही. २.० नाही, फँटम लिबर्टी हा विस्तार नाही. सगळ्यात जास्त पोळले ते तेच, आणि गेम सुधारला तो इतरांसाठी. टाळ्या कुणी वाजवायच्या?

शिवाय तुम्ही जे परत उठले त्यांचीच नावं घेताय. द डे बिफोर आठवतो का? एकेकाळी स्टीमवर सगळ्यात जास्त विशलिस्ट झालेला गेम. ७ डिसेंबर २०२३ ला आला, चार दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. तिथे पॅचची वाट बघत बसले असते तर? निदान पैसे तरी परत मिळाले.

अर्धीलेव्हल यांना माझा सल्ला: अर्ज टाका, मिळाले तर घ्या. गेम खरंच सुधारला तर वर्षभराने निम्म्या किमतीत, सगळ्या पॅचसकट मिळेलच की.

जुनाकन्सोल:
जुन्या कन्सोलवाल्यांचा मुद्दा मान्य, तो मी गाळला. आणि वर्षभराने घेण्यालाही अनुमोदन.

मिथिला_टेस्टर:
रिव्ह्यूंच्या पावसाबद्दल लिहिते. मी गेम टेस्टिंगमध्येच काम करते, कंपनी विचारू नका. आधी एक गैरसमज: "यांनी टेस्टच केला नाही" असं प्रत्येक वेळी वाचते. तुम्हाला जो बग पहिल्या तासात दिसतो तो आम्हालाही दिसलेला असतो, नोंदवलेलाही असतो. तारीख हलवायची नाही असं वर ठरलेलं असतं आणि मग यादीतलं काय सोडायचं एवढाच प्रश्न उरतो.

राग व्यक्त करावाच. कंपन्या तो मोजतात. फक्त नेमका हवा. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ च्या वेळी २०१७ ला कुणीतरी गणित मांडलं की डार्थ व्हेडर मिळवायला सुमारे ४० तास खेळावं लागेल. त्यावर कंपनीने रेडिटवर जे उत्तर दिलं त्याला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट पडले, गिनीजमध्ये नोंद आहे. काही दिवसांत हिरोंच्या किमती ७५ टक्के कमी, आणि रिलीजच्या आदल्या दिवशी पैसे देऊन करायची खरेदीच बंद. का जमलं? कारण मागणी एका वाक्यात सांगता येत होती. मे २०२४ ला हेलडायव्हर्स २ मध्येही तेच. पीसीवाल्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं केलं, दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, तीन-चार दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला.

आता उलट बाजू. नो मॅन्स स्काय नुसता काही आठवडे पुढे ढकलला तर मरेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लास्ट ऑफ अस २ मधल्या एका पात्राला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीलाही आल्या, पात्र आवडलं नाही म्हणून! अशा मेसेजांचं पुढे काय होतं सांगू? ते कम्युनिटी मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये पडतात. तारीख ठरवणाऱ्या माणसापर्यंत त्यातला एकही जात नाही.

तुमच्या ग्रुपला सांगा, रिव्ह्यू जरूर लिहा, पण प्रत्येकाने आपापला. हार्डवेअर, कुठल्या मिशनला काय झालं, आणि जाहिरातीत दाखवलेलं नेमकं काय गेममध्ये नाही. "कचरा" एवढंच लिहिलेले हजार रिव्ह्यू आमच्या बैठकीत एका आकड्यात मावतात. सेव्ह करप्शनबद्दल तपशीलवार लिहिलेले वीस रिव्ह्यू आले की त्यांचं तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) बनतं. पॅच आल्यावर रिव्ह्यू बदलता येतो, तो बदला. बदललेले रिव्ह्यू दाखवूनच आम्ही वरून आणखी वेळ मागून घेतो.

टवाळखोर:
निषेधाचा सर्वोत्तम नमुना राहिला की. मास इफेक्ट ३, २०१२. शेवट कुठलाही निवडा, फरक मुख्यतः रंगाचा. चाहत्यांनी बायोवेअरला सुमारे ४०० कपकेक पाठवले, वर तीन वेगवेगळे रंग, आत चव एकच. शिवाय मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास देणगी गोळा केली. त्याच उन्हाळ्यात शेवट वाढवून फुकट दिला की नाही कंपनीने?

कडूकारलं:
वाढवून दिला, बदलून नाही. पण कपकेकला दाद.

अर्धीलेव्हल:
मिथिलाताई, "जाहिरातीत दाखवलेलं नेमकं काय नाही" हे फार उपयोगी. ग्रुपवर टाकलं. निम्मे म्हणाले बरोबर आहे, निम्मे म्हणाले तू कंपनीला विकला गेलास. असो. रिफंडचा अर्जही टाकलाय. आता गेम सुचवा की, मूळ प्रश्न तोही होता.

जुनाकन्सोल:
कथा हवी आणि एकट्याने खेळायचं, तर सायबरपंकच. पीसी आहे म्हणजे कारलेसाहेबांची तक्रार तुम्हाला लागू होत नाही. फँटम लिबर्टी लगेच घेऊ नका, मूळ गेममध्ये मन रमलं तरच घ्या. नो मॅन्स स्काय कथेसाठी नाही. डोकं बाजूला ठेवून भटकायला, तळ बांधायला छान.

रिफंडमास्तर:
फायनल फँटसी १४ ची मोफत ट्रायल ७० लेव्हलपर्यंत चालते, दोन विस्तारांसकट, वेळेची मर्यादा नाही. मोफत असल्याने रिफंडचा प्रश्नच उद्भवत नाही. ऑनलाइन गेम असला तरी मुख्य कथेतल्या बऱ्याच अंधारकोठड्या (डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेले टप्पे) आता संगणकाच्या साथीदारांबरोबर करता येतात. सुरुवात मात्र रटाळ आहे, निरोप पोचवत हिंडावं लागतं.

मिथिला_टेस्टर:
डायब्लो ३ पण. २०१२ ला लोक पहिल्या रात्री सर्व्हर भरल्याचा "एरर ३७" बघत बसले होते, आणि खऱ्या पैशांचं लिलावघर होतं ते वेगळंच. मार्च २०१४ ला ते बंद केलं, त्याच महिन्यात रीपर ऑफ सोल्स हा विस्तार आला आणि लूट एकदाची धड मिळायला लागली. कथा यथातथाच, पण हाणामारी मस्त. एकट्याने खेळलात तरी इंटरनेट लागतंच, हे लक्षात ठेवा.

अर्धीलेव्हल:
सायबरपंक सेलची वाट बघून घेतो, तोवर फायनल फँटसीची ट्रायल उतरवायला लावलीये. मास्तर, तुम्ही कुठला जॉब (पात्राचा पेशा) घेतला होता सुरुवातीला? आणि कंट्रोलर चालतो ना, की कीबोर्डच लागेल?

रिफंडमास्तर:
कंट्रोलर उत्तम चालतो, बटणांची मांडणी सुरुवातीलाच विचारतो. आर्केनिस्ट घ्या. एकाच लेव्हलिंगमध्ये पुढे समनर आणि स्कॉलर दोन्ही मिळतात.