अनुभव धागा : पहिली कादंबरी, पूर्वनोंदणी आणि गाठलेला टप्पा

काल रात्री माझ्या पहिल्या कादंबरीची दोनशेवी प्रत नोंदवली गेली. प्रकाशक नाही, पदरचे पैसेही फारसे नाहीत. वाचकांनी प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ रक्कम भरायची आणि ३०० झाल्या की पुस्तक छापायला द्यायचं, असा बेत आहे. घरात श्रीखंड आलं. बाबा मात्र म्हणतात, "अजून शंभर बाकी आहेत ना? मग कसला आनंद?" ज्यांनी असं पुस्तक काढलंय त्यांनी सांगा, टप्पा गाठल्यावर काय केलंत? पैशांचं, छपाईचं, टपालाचंही लिहा.

नागपूर : ३०० चा आकडा ठेवलात ते बरं केलंत. डिजिटल छपाईत प्रती वाढवल्या तरी प्रतीमागचा दर फारसा हलत नाही. ऑफसेटला छपाईच्या प्लेटा बनवायचा खर्च एकदाच, त्यामुळे प्रती वाढल्या की दर उतरतो. एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. माझी कादंबरी सोळा पानांच्या पंधरा फर्म्यांच्या दोनच पानं वर जात होती, म्हणजे तेवढ्यासाठी आणखी एक फर्मा. एका मैत्रिणीने निर्दयपणे कात्री लावून ती बरोब्बर २४० पानांत बसवली. आम्ही साजरा केला तो हाच दिवस, नोंदणीचे पेढे राहूनच गेले. आणि हो, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

न्यू जर्सी : माझी कादंबरी इंग्रजी, पैसे जमवले किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर. मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाच्याही कार्डावरून छदामही जात नाही. जमली तर ५ टक्के त्यांचे, शिवाय पेमेंटची कपात. मुदत संपल्यावर पैसे वळते होतात आणि तेव्हा काही कार्डं चालतच नाहीत. त्यामुळे आकडा पूर्ण झाल्याच्या रात्री आम्ही गुपचूप झोपलो. खात्यात पैसे आले तेव्हा नवऱ्याने पुरणपोळ्या केल्या. विकतच्या फ्रोजन नव्हेत!

ठाणे : टपालाचं आधी बघा. रजिस्टर्ड बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि माझ्या पुस्तकाची किंमत त्याआधीच टपालखर्चासह जाहीर झालेली. मग मुंबई-ठाण्यातल्या प्रती सॅकमध्ये भरून लोकलने घरोघर पोचवल्या. डोंबिवलीत एका आजोबांनी चहा दिला, पहिलं पान तिथल्या तिथे मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "पहिल्याच वाक्यात स्वल्पविराम नको होता." खरंच नको होता.

पुणे : बाबांना सांगा, हे काही नवं खूळ नाही. शंभर वर्षांपूर्वी श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, शेअर विकले, फिरून फिरून वर्गणीदार मिळवले. २३ खंड निघाले. तुमची तर एकच कादंबरी.

कोल्हापूर : माझी निम्मी नोंदणी सासूबाईंच्या भिशीतून झाली. फॉर्म, लिंक काही नाही. भिशीच्या वहीत शेवटच्या पानावर नावं, पुढे "रोख" किंवा "पुढच्या महिन्यात". वसुलीही त्यांचीच, कुणाची बिशाद होती बुडवायची! शंभर झाल्यावर सगळ्यांना मिसळ खिलवली. पुस्तक हातात पडल्यापासून मात्र दोघीजणी सासूबाईंशी बोलत नाहीत. तिसऱ्या प्रकरणातली कजाग शेजारीण म्हणजे आपणच, अशी दोघींचीही खात्री आहे.