मिना की मुलामा? ‘एनॅमलर’ बाईंना मराठीत काय म्हणावं

विचारणा

एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच वाक्याला अडले आहे. लेख फीबी अ‍ॅना ट्रॅक्वेअर यांच्यावर आहे. १८५२ साली डब्लिनजवळ जन्म, तिथेच चित्रकलेचं शिक्षण, १८७३ मध्ये रॅम्झी ट्रॅक्वेअर या जीवाश्मतज्ज्ञाशी लग्न. नवऱ्याची एडिंबराच्या संग्रहालयात नेमणूक झाली, म्हणून पुढच्या वर्षी बिऱ्हाड स्कॉटलंडला. नवऱ्याच्या शोधनिबंधांसाठी माशांच्या जीवाश्मांची चित्रं काढता काढता बाईंनी भरतकाम केलं, चर्चच्या भिंती रंगवल्या, हस्तलिखितं सजवली. आणि १९०१ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, एनॅमलचं काम शिकायला घेतलं. मूळ लेखात त्यांना ‘एनॅमलर’ म्हटलंय. मी आधी ‘मुलामाकार’ लिहिलं, मग ‘मीनाकारी करणारी महिला’ केलं. दोन्ही मनाला पटेनात. शिवाय ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ चळवळीला, म्हणजे यंत्राच्या काळात हातकामाला मान मिळवून देऊ पाहणाऱ्या चळवळीला, ‘हस्तकला चळवळ’ चालेल का?

प्रतिसाद

ताई, ‘मुलामा’ आधी खोडा. मुलामा म्हणजे हलक्या धातूवर भारी धातूचा पातळ थर. कल्हईसुद्धा धातूवर धातूच, तांब्या-पितळेवर कथील. मिना म्हणजे धातूवर काच! आणि मुलाम्याला मराठीत दिखाऊपणाचा वास आहे, ‘वरवरचा मुलामा’ म्हणतो ना आपण. ज्या बाईनं काच तापवून धातूशी एकजीव केली तिच्या नावापुढे तो शब्द लावणं अन्यायाचं आहे.

आमच्या घरी सोनारकाम होतं. वडील कधी ‘मीनाकारी’ म्हणत नसत, तो जयपूरकडून आलेला शब्द. ते ‘मिना भरलाय’, ‘मिन्याचं काम’, ‘मिना उडालाय’ असंच म्हणायचे. यातला ‘मिन्याचं’ मला फार आवडतो. मुलीचं नाव मीना असेल तर ‘मीनाचा हार’ होतो, नाव बदलत नाही. पण मिना भरलेला हार असेल तर ‘मिन्याचा हार’. फारसीतून आलेला शब्द मराठीनं ‘घोडा-घोड्याचा’च्या रांगेत बसवून टाकला. इतका आपलासा झालेला शब्द हाताशी असताना ‘एनॅमल’ कशाला? तो दवाखान्यातल्या पांढऱ्या तसराळ्याला आणि दाराच्या रंगाला राहू द्या. (तसराळ्यावरचा थर खरोखरच मिना आहे, लोखंडावरचा. डब्यातला एनॅमल पेंट मात्र नुसता रंग; भट्टीशी त्याचा संबंध नाही.) दाताच्या एनॅमलला शास्त्राच्या पुस्तकांतून ‘दंतवल्क’ आहेच.

प्रतिसाद

‘झिलई’ सुचवणार होते, पण ती मातीच्या भांड्याची. वरचं पटलं.

प्रतिसाद

मिन्याबद्दल थोडं अजून, कारण अनुवादात पुढे प्रकारांची नावं येतीलच. पातळ तारेचे कप्पे करून त्यांत मिना भरणं हा एक प्रकार. पत्र्यात खाच कोरून भरणं हा दुसरा, जयपूरचं काम बहुतेक या जातीचं. ट्रॅक्वेअरबाईंचा तिसरा: तांब्याच्या पत्र्यावर मिन्यानंच चित्र रंगवायचं. रंगीत काचेची पूड ओली करून पसरायची, वाळवायची, साधारण ७५० ते ८५० अंशांच्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटं धरायची, काढायची, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं. पत्र्याच्या पाठीलाही मिना द्यावा लागतो, कारण निवताना धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. एकाच बाजूला थर असला तर तो तडकतो. बाई पारदर्शक थरांखाली धातूचा वर्ख घालायच्या. उजेड काचेतून आत जातो, वर्खावर आपटून परत येतो, म्हणून त्यांची छोटी पदकं आतून पेटल्यासारखी दिसतात. इथे ‘वर्ख’ हाच शब्द वापरा. मिठाईवरचा वर्ख सगळ्यांनी पाहिलेला असतो, समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद

मला खरी अडचण ‘महिला’ या शब्दाची वाटते. सोनारीण, लोहारीण, तांबटीण, कुंभारीण हे शब्द आहेत, पण त्यांचा पहिला अर्थ ‘त्याची बायको’ किंवा त्या जातीची बाई. ऐरणीपाशी बसून हातोडी चालवणाऱ्या बाईसाठी तो शब्द घडलेलाच नाही. कुंभारीण तरी मडक्याला हात लावायची, माती मळायची, रंगवायची. तरी चाकावरचा तो कुंभार आणि ही त्याची. म्हणून ‘मिनाकारीण’ नको. ‘मिनाकर्ती’ व्याकरणात बसेल, पण असं बोलतं कोण? आणि ‘महिला मिनाकार’ म्हटलं की खरा मिनाकार पुरुषच असतो असं आपणच कबूल करतो.

इंग्लंडातही हा गोंधळ होताच. बर्मिंगहॅमचं गॅस्किन जोडपं १८९९पासून दागिने करत होतं. दागिन्यांचं आरेखन जॉर्जीबाईंचं आणि मिना नवऱ्याचा, आर्थरचा. तिथे ‘गॅस्किनची बायको’ म्हणून चालेल का?

माझं म्हणणं, ‘मिनाकार’च ठेवा. मराठीत लेखक, डॉक्टर, चित्रकार तसेच वापरतो. बाई आहे हे क्रियापद सांगेल, ते त्याचं कामच आहे.

प्रतिसाद

‘हस्तकला’ नको. तो शब्द आता शाळेच्या तासाला आणि उन्हाळी शिबिराला लागला. ‘कला-कारागिरी चळवळ’ म्हणा. कलावंत आणि कारागीर यांच्यामधली भिंत पाडणं हाच या चळवळीला दिशा देणाऱ्या जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांचा गाभा, तर दोन्ही शब्द शेजारी दिसायला हवेत. जाता जाता: ट्रॅक्वेअरबाईंना लहान मुलांच्या इस्पितळाच्या शवागारातलं प्रार्थनागृह रंगवायचं काम १८८५ मध्ये ज्या एडिंबरा सोशल युनियन या संस्थेनं दिलं, ती पॅट्रिक गेडिस यांनी काढलेली. हेच गेडिस पुढे १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विचारणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ‘महिला’ खोडलं. खोडताना लक्षात आलं, तो शब्द मी विचार न करताच लिहिला होता.

पुढे एका ठिकाणी त्यांना ‘धातुकारागीर’ लिहिलं होतं, तेही काढलं. लेख पुन्हा वाचला तर बाईंच्या मिन्याला चांदीची चौकट बसवायचे ते टॅल्बर्ट नावाचे एडिंबराचे चांदीकाम करणारे कारागीर. आपल्याकडेही चितेरा (नक्षी आखणारा), मिनाकार आणि जडिया (खडे बसवणारा) वेगळेच असतात, म्हणजे नुसतं ‘मिनाकार’ हेच नेमकं. सेंट जाइल्स चर्चमधल्या थिसल चॅपेलमध्ये, १९११च्या, सरदारांच्या आसनांमागे त्यांची मानचिन्हं असलेल्या मिन्याच्या पट्ट्या आहेत, त्या बाईंच्या हातच्या. ‘प्लेट’साठी मी ‘पट्टी’ घेतलंय. सोनारकामात दुसरा शब्द असेल तर सांगा.

पहिलं वाक्य आता असं झालंय: ‘फीबी ट्रॅक्वेअर या स्कॉटलंडच्या कला-कारागिरी चळवळीतल्या मोठ्या मिनाकार होत्या, रॉयल स्कॉटिश अकादमीनं १९२० साली त्यांना सन्माननीय सदस्य केलं, तेव्हा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच होत्या.’

‘पहिल्याच स्त्री’ लिहू की ‘पहिल्याच’ पुरेल? अकादमीत पुरुष सदस्य तर आधीपासून होते, तेव्हा इथे ‘स्त्री’ लागेलच असं वाटतंय.

प्रतिसाद

इथे लागेल, ताई. इथे ती माहिती आहे. आणि पट्टीला आम्ही ‘पत्रा’ म्हणतो, पण नाव कोरून आसनाला लावलेली असेल तर ‘पाटी’.