शब्दचर्चा : ‘सरफेस प्रोटीन’, ‘गोचिडीची लस’ आणि ‘पॉझिटिव्ह’

विचारणा, दहिवडी :
आमच्या दूध संस्थेच्या सभासदांसाठी गोचीड तापावर माहितीपत्रक लिहितेय. ‘सरफेस प्रोटीन’ला काय लिहावं? ‘पृष्ठीय प्रथिन’, ‘बाह्य आवरणातील प्रथिन’ असं दोन्ही सुचवलं गेलंय. आणि ‘गोचिडीची लस’ लिहिलं तर चालेल का? इकडे गोठ्यात सगळे तसंच म्हणतात.

उत्तर, वाई :
‘पृष्ठप्रथिन’ लिहा, म्हणजे जंतूच्या किंवा पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ‘पृष्ठभाग’ शाळेपासून कानावरचा आहे, त्यामुळे अडखळायला होत नाही. ‘आवरणातील’ म्हटलं की ते प्रथिन आत दडलेलं वाटतं. इथे तर अर्थ नेमका उलटा आहे. अँटिजेनला (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिकार उभा करतं तो घटक) ‘प्रतिजन’ आणि अँटिबॉडीला (त्या प्रतिकारासाठी शरीर तयार करतं ते प्रथिन) ‘प्रतिपिंड’ हे विश्वकोशातले शब्द वापरा. ‘प्रतिद्रव्य’ही चुकीचं नाही, पण एकाच पत्रकात दोन्ही आले तर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील.

उत्तर, विटा :
ताई, मी पशुवैद्यक आहे. ‘पृष्ठप्रथिन’ मला पटलं. माझा आक्षेप ‘गोचिडीची लस’ला आहे, कारण त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

आपल्याकडे मिळते ती थायलेरियाची लस. ती गोचिडीवर नाही, गोचिडीने आणलेल्या परजीवीवर आहे. थायलेरिया अॅन्युलाटा हा परजीवी गाईच्या पांढऱ्या रक्तपेशीत वाढतो. तशा बाधित पेशी प्रयोगशाळेत वाढवत वाढवत परजीवीचा जोर कमी करतात, आणि तीच जिवंत लस. म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि गाभण गाईला टाळतात. टोचल्यावर अंगावरच्या गोचिड्या जशाच्या तशा राहतात. पत्रकात ‘गोचिडीची लस’ छापलंत तर लोक गोठ्याची फवारणी बंद करतील, याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरी लस खुद्द गोचिडीवरची. बीएम८६ हे गोचिडीच्या आतड्याच्या पेशींवरचं पृष्ठप्रथिन. ते टोचलं की गाईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. गोचीड रक्त पिते तेव्हा ही प्रतिपिंडं तिच्या पोटात जाऊन आतड्याला इजा करतात आणि अंडी घटतात. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबात अशा लसी बाजारात आल्या.

तेव्हा ‘थायलेरियाची लस’ आणि ‘गोचीडविरोधी लस’ असं वेगळं लिहा.

विचारणा, दहिवडी :
डॉक्टर, मग ‘गोचीड ताप’ तरी ठेवू का? आणि पृष्ठप्रथिनांचा एवढा बोलबाला असताना आपली लस अख्ख्या पेशीचीच का?

उत्तर, विटा :
‘गोचीड ताप’ शीर्षकात ठेवा, लोक त्याच नावाने शोधतील. आत मात्र त्यात मोडणाऱ्या तीन आजारांची नावं स्वतंत्र हवीत. थायलेरियात खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी होते, बोटाखाली सरकते, दाबली की गाय अंग चोरते. बबेसियात लघवी कॉफीसारखी गडद. अॅनाप्लाझ्मात रक्त कमी होत जातं, डोळ्याच्या पापणीचा आतला भाग पांढुरका पडतो. औषधंही वेगळी : पहिल्याला बुपार्वाक्वोन, दुसऱ्याला डायमिनाझिन, तिसऱ्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. ‘गोचीड तापाचं इंजेक्शन द्या’ अशी मागणी आली की मी आधी कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आणि यातलं अॅनाप्लाझ्मा हा जिवाणू आहे. ‘रक्तातले परजीवी’ या मथळ्याखाली तो येतो तेव्हा एक वाक्य जास्तीचं लिहा. करोनानंतर सगळ्यालाच ‘विषाणू’ म्हणायची सवय लागलीय. यातलं एकही विषाणू नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थायलेरियाच्या बदलत्या रूपांत आहे. गोचिडीच्या लाळेतून येतो तेव्हा त्याच्यावर स्पॅग-१ हे प्रथिन असतं, तांबड्या पेशीत शिरणाऱ्या रूपावर टॅम्स-१. एका प्रथिनाविरुद्ध लस केली तर ती एकाच रूपाला गाठते. त्यात टॅम्स-१ वाणागणिक थोडं बदलतं. अॅनाप्लाझ्माचं एमएसपी२ हे पृष्ठप्रथिन तर एकाच जनावराच्या अंगात राहून रूप पालटत राहतं, म्हणून बरी झालेली गायही तो बाळगून असते. उलट त्याचं एमएसपी५ जवळपास सगळीकडे सारखं, म्हणून तपासणीला ते सोयीचं. तपासणीला चांगलं ते लसीलाही चांगलंच, असं समीकरण नाही. पत्रकात हे सगळं नको, पण ‘पृष्ठप्रथिनापासून लस व तपासणी’ असं एका दमात लिहू नका.

उत्तर, वाई :
मग ‘पॉझिटिव्ह’चं काय? अहवालात तो शब्द असतोच.

उत्तर, विटा :
सर, बरं झालं विचारलंत, गाई विकल्या जातात त्या शब्दापायी. एलायझा या रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीत पृष्ठप्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं सापडली, एवढाच त्याचा अर्थ. गाय पूर्वी बाधित होऊन बरी झालेली असू शकते. आणि ताप चढल्यावर पहिले काही दिवस प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात, तेव्हा आजारी गाय ‘निगेटिव्ह’ येते. काचपट्टीवर परजीवी दिसला तर बोलणं वेगळं. ताई, पत्रकातल्या तक्त्यात ‘पॉझिटिव्ह’चा एकच रकाना ठेवू नका, ‘प्रतिपिंडं आढळली’ आणि ‘रक्तात परजीवी दिसला’ असे दोन करा. दुसऱ्या रकान्यापुढे अंगातला ताप किती, हेही लिहायला जागा सोडा.