हायब्रिड गाडीचा सीव्ही जॉइंट : नुसता बूट बदलू की अख्खा एक्सल?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या चाकांवर चालणारी हायब्रिड आहे. रंकाळ्याजवळ यू-टर्न घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून कट-कट-कट. सरळ रस्त्यावर एकदम गप्प. खाली वाकून बघितलं तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा, चाक वळलं तरी फिरवत राहणारा सांधा) रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारं आवरण, फाटलेला, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं. गगनबावड्याच्या पावसाळी फेऱ्यांत आत पाणी-चिखल गेला असणार, दुसरं काय!

उद्यमनगरातले मिस्त्री म्हणतात, "नवा बूट घालून ग्रीस भरू, चालतंय की." पण आवाज यायला लागला म्हणजे आतल्या गोळ्या आणि खाचा झिजल्याच ना? मग नव्या ग्रीसनं काय होणार?

शिवाय हायब्रिडची मोटर जागेवरूनच जोर लावते आणि ब्रेकिंगला चार्जिंग करताना तोच जोर उलटा येतो. अलीकडं ॲक्सिलरेटर सोडल्यावर हलकासा 'टक्' पण होतो. हा आतल्या, म्हणजे एक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाच्या जॉइंटचा आवाज असेल का?

कोल्हापुरात कुणी हे काम केलंय का? एक्सल ओढताना गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं. ऑइल सीलही सोबतच बदलावं का? बाहेरचा जॉइंट सुटा बसवलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.